छत्रीस हात लावण्यापूर्वीं



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण हंसतील. ज्याच्या घरीं टीव्ही आहे त्याला तो कसा पाहावा हें शिकवावयास मास्तर कशाला हवा? परंतु तो कसा पाहावा हें मी सांगणार नाहीं. तो दिसावयाचा बंद झाला म्हणजे काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, हें सांगणार आहें. त्याचा आरंभ माझ्या स्वतःच्या मूर्खपणापासून करणें हेंच प्रामाणिकपणाचें होईल.

माझी सारी नोकरी पाटण आणि कराड या बाजूच्या प्राथमिक शाळांत झाली. सेवानिवृत्तीनंतर मुलाकडे तासगांवास राहावयास आलों. घरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एप्रिलच्या पहिल्याच दिवशीं सकाळीं टीव्ही लावला, तों घरांतील मंडळी रोज पाहत असत तें एक चॅनेल नाहींसें झालेलें! त्याच्या जागीं नुसता काळा पडदा. मीं क्षणभरही विचार केला नाहीं. पाना घेतला, गच्चीवर चढलों आणि छत्री थोडी इकडे, थोडी तिकडे अशी फिरविली. खालून नातू ओरडला, "आजोबा, आतां सगळींच गेलीं!"

एक चॅनेल गेलें होतें. मीं उरलेलींही घालविलीं. मग बाजारांतून एका मेकॅनिकला बोलाविलें. त्यानें थोड्या वेळांत छत्री पूर्ववत् केली. पण हरवलेलें चॅनेल येईना, तेव्हां 'बॉक्स जुना झाला' असा निर्णय देऊन त्यानें मला नवा बॉक्स विकला. जुना मीं शेजारच्या आत्यांना देऊन टाकला. आठ दिवसांनीं त्यांच्याकडे गेलों तों तोच बॉक्स, तेंच चॅनेल, आणि चित्र स्वच्छ! त्यांच्या नातीनें रिमोटवरील चार बटणें दाबून बॉक्सला चॅनेलें पुन्हां शोधावयास लावलीं होतीं. दुसरें कांहींएक केलें नव्हतें. त्या दिवशीं चौथींतील त्या मुलीपुढें मी विद्यार्थी झालों.

ही चूक माझी एकट्याची असती तर ती येथें सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. फ्री डिशवर टीव्ही पाहणारीं घरें देशांत चार कोटींहून अधिक आहेत. या सेवेला मासिक वर्गणी नाहीं. छत्री, बॉक्स आणि वायर यांचा खर्च एकदां केला कीं पुढें कांहीं द्यावें लागत नाहीं. ही तिची थोरवी होय. पण जेथें वर्गणी नाहीं तेथें दारीं येणारा कंपनीचा माणूसही नाहीं. जत-आटपाडीकडील मळ्यांतल्या वस्तीवर किंवा पाटण खोऱ्यांतील एखाद्या वाडीवर मेकॅनिकची एक फेरी म्हणजे एका दिवसाच्या मजुरीचा प्रश्न असतो. शिवाय टीव्ही ही केवळ करमणूक नव्हे. जुलै २०२१ मध्यें पाटण तालुक्यांत दरडी कोसळल्या, कृष्णा-कोयनेला पूर आला, तेव्हां धरणांतून पाणी किती सोडलें, आयर्विन पुलापाशीं तें किती फुटांवर गेलें, याच बातमीकडे सांगलीच्या नदीकांठचे सारे डोळे लागले होते. अशा वेळीं पडदा काळा झाला आणि घरचा कर्ता पुरुष पाना घेऊन ओल्या पत्र्यावर चढला, तर त्या अज्ञानाची किंमत रुपयांतच मोजली जाईल असें नाहीं.

तेव्हां आधीं हें समजून घेऊं कीं चित्र आपल्याकडे येतें कोठून. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें १९८४ च्या सुमारास देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रें उभीं राहिलीं आणि घरोघर छपरांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेना दिसूं लागले. त्या काळीं सिग्नल अशक्त झाला तर पडद्यावर मुंग्या येत. चित्र फिकट होई, पण माणूस ओळखूं येई. तीं जमिनीवरील जुनीं केंद्रें, थोडीं मोक्याचीं सोडून, मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानें बंद करण्यांत आलीं. आतां फ्री डिशचें चित्र येतें तें उपग्रहावरून. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीच्याच गतीनें फिरतो, म्हणून आपल्याला आकाशांत एकाच जागीं खिळल्यासारखा राहतो आणि आपली छत्री कायमची त्याच्याकडे तोंड करून ठेवतां येते.

या उपग्रहावरून अनेक लहरी एकाच वेळीं येतात. प्रत्येकीची कंपनसंख्या, जिला मेकॅनिक लोक फ्रिक्वेन्सी म्हणतात, ती निराळी. फ्री डिशनें वापरलेल्या कंपनसंख्यांपैकीं ११०९० मेगाहर्ट्झ ही एक घ्या. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लक्ष कंपनें. म्हणजे ही लहर एका सेकंदांत ११०९ कोटी वेळां कंप पावते. अशा एकेका लहरीवर कित्येक चॅनेलें बसविलेलीं असतात, जशीं एका एस.टी.मध्यें अनेक गांवचीं माणसें. एखादें चॅनेल एका गाडींतून उतरून दुसरींत बसलें, किंवा गाडीचाच मार्ग बदलला, म्हणजे आपण म्हणतों, 'चॅनेल गेलें'. फ्री डिशवरील जागांचा दरवर्षीं लिलाव होतो आणि त्या १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतच्या मुदतीनें दिल्या जातात. म्हणून या बदलाबदलीला एप्रिलच्या आरंभीं ऊत येतो. माझ्या घरीं घडलें तें एप्रिल फूल नव्हतें. तो नव्या वर्षाचा शिरस्ता होता, आणि फूल ठरलों तो मी!

जुन्या श्रोत्यांना असा एक बदल आठवत असेल. १९७५ सालीं जिनीव्हा येथें ठरलेल्या योजनेप्रमाणें २३ नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप व आफ्रिका या खंडांत मीडियम वेव्हवरील केंद्रांच्या जागा नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरानें नव्यानें आंखण्यांत आल्या. १९६३ सालीं सुरू झालेलें आपलें सांगली केंद्र ज्या १२५१ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षें ऐकूं आलें, त्या संख्येला नवानें भागून पाहा. बरोबर १३९ येतात. तो याच योजनेचा ठसा होय. पण तेव्हां कोणी रेडिओ फेंकून दिला नाहीं, कीं मेकॅनिकला बोलाविलें नाहीं. बटण केसभर फिरविलें, आवाज स्पष्ट लागला, काम झालें. कारण तेथें शोधणारा आपला कान होता. आजच्या बॉक्सला कान नाहीं. त्याच्यापाशीं पत्त्यांची एक यादी असते. यादींत लिहिलेल्या पत्त्यावर तो जातो, दार ठोठावतो, आणि आंत कोणी नसलें तर परत येऊन 'नाहीं' म्हणतो. बिऱ्हाड समोरच्या गल्लींत गेलें आहे काय, हें तो शेजाऱ्यापाशीं विचारीत नाहीं. तें आपण त्याला विचारावयास लावावें लागतें.

माझ्या आजच्या सांगण्याचें सार यांतच आहे. चित्र न येण्याचीं कारणें दोन जातींचीं असतात: एक तर पत्ता बदललेला असतो, नाहीं तर वाट बंद असते. पत्त्याचा उपाय रिमोटनें होतो. वाटेचा उपाय छपरावर होतो. पत्ता बदलला असतां वाट उकरीत बसणें हीच माझी चूक.

या दोहोंतील भेद या सेवेच्याच इतिहासांत दिसतो. १६ डिसेंबर २००४ रोजीं 'डीडी डायरेक्ट प्लस' या नांवानें ती सुरू झाली, तेव्हां ९५ अंश पूर्व रेखांशावरील एनएसएस-६ या उपग्रहावरून येत असे. पुढें ती मार्च २००७ मध्यें सोडलेल्या इन्सॅट-४बी या आपल्या उपग्रहावर नेण्यांत आली. त्याचें स्थान ९३.५ अंश. येथें वाटच बदलली, म्हणून छत्री फिरविणें भाग होतें. ११ नोव्हेंबर २०१५ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गयानांतून जीसॅट-१५ हा उपग्रह सोडण्यांत आला आणि २०१६ पासून सेवा त्याच्यावर गेली; पण त्याचेंही स्थान ९३.५ अंशच. येथें छत्री हलविण्याचें कांहींच कारण नव्हतें. बॉक्सांतील यादी नवी करणें पुरेसें होतें. जीसॅट-१५ चें आयुष्य १२ वर्षें धरलेलें आहे. तेव्हां असा प्रसंग आज ना उद्यां पुन्हां येईल. त्या वेळीं पहिला प्रश्न हाच विचारावा: उपग्रहाचें स्थान बदललें, कीं नुसती कंपनसंख्या?

आतां परीक्षेची रीत सांगतों. क्रम मोडूं नये.

पहिला प्रश्न: एकच चॅनेल गेलें, कीं सर्व गेलीं? एक-दोनच गेलीं असतील व बाकीचीं स्वच्छ दिसत असतील, तर छत्री, वायर आणि बॉक्स हीं तिन्ही बहुधा निर्दोष आहेत. पत्ता बदलला आहे. सर्व गेलीं असतील तर शेजारच्या घरीं चौकशी करावी. तेथेंही नसतील तर दोष आपला नव्हे, स्वस्थ बसावें.

दुसरा प्रश्न बॉक्सला विचारावयाचा. रिमोटवरील मेनूंत इन्स्टॉलेशन अशा नांवाचें एक पान असतें. त्यांत दोन पट्ट्या दिसतात: एक स्ट्रेंग्थ, दुसरी क्वालिटी. पहिली सांगते कीं वायरीतून कांहींतरी येत आहे. दुसरी सांगते कीं जें येत आहे तें वाचतां येण्याजोगें आहे. वर्गांत गलबला पुष्कळ असला म्हणून धडा चालू आहे असें होत नाहीं. तसेंच हें आहे. छत्रीच्या तोंडाशीं जें लहानसें यंत्र असतें, ज्याला एलएनबी म्हणतात, तें छत्री भलतीकडे वळली असतांही स्वतःचा थोडा गलबला खालीं पाठवीत असतेंच. म्हणून पहिल्या पट्टीवर विसंबूं नये, दुसरी पाहावी.

दोन्ही पट्ट्या शून्य असतील, तर वायर तुटली, जोड सुटला किंवा एलएनबी निकामी झाला असें समजावें. पहिली भरलेली आणि दुसरी शून्य असेल, तर छत्री हलली आहे, नाहीं तर पानावर लिहिलेली कंपनसंख्या आतां चालू नाहीं. म्हणून दुसऱ्या दोन-तीन कंपनसंख्या निवडून पाहाव्या. त्यांपैकीं एकीवर जरी क्वालिटी भरली, तरी छत्री निर्दोष ठरली. आणि क्वालिटी चांगली असूनही चॅनेल दिसत नसेल, तर छत्रीस मुळींच हात लावूं नये; चॅनेलें पुन्हां शोधावीं.

शोधण्याची क्रिया सोपी आहे. त्याच पानावर उपग्रहाचें नांव ९३.५ अंशांचें आहे ना हें पाहावें. जुन्या बॉक्सवर तेथें इन्सॅट-४बी असें असेल, तें चालतें. एलएनबीच्या ओळींत ९७५० आणि १०६०० हे आंकडे असावे. ते कशासाठीं? इतकी जलद लहर साध्या वायरीतून खालीं आणणें कठीण, म्हणून एलएनबी तिच्यांतून ९७५० वजा करतो. ११०९० मधून ९७५० गेले, राहिले १३४०. ही वजाबाकी छपरावर होते आणि बॉक्सला ती ठाऊक असावी लागते. एखाद्या मुलानें खेळतां खेळतां तेथें ५१५० हा आंकडा निवडला, तर उपग्रह, छत्री, वायर सारें शाबूत असून एकही चॅनेल लागणार नाहीं. आंकडे नीट असतील तर 'ऑटो स्कॅन' दाबावें व थांबावें. मात्र एक सावधगिरी: क्वालिटी शून्य असतांना जुनी यादी पुसूं नये. नवें कांहीं सांपडणार नाहीं आणि जुनेंही जाईल.

इतकें करूनही चॅनेल न सांपडल्यास दोन शक्यता उरतात. तें लिलावांत जागा न घेतां फ्री डिश सोडून गेलें असेल. किंवा एमपेग-४ या नव्या लेखनपद्धतीच्या लहरीवर गेलें असेल. जुना एमपेग-२ चा बॉक्स ती लिपि वाचूं शकत नाहीं, जसा मोडी न शिकलेला मनुष्य जुनें दप्तर वाचूं शकत नाहीं. नवा बॉक्स घेण्याचें रास्त कारण तें हेंच, आणि तें ठरल्यावांचून पैसे काढूं नयेत.

आतां वाटेविषयीं. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पाहतां हा उपग्रह उत्तरेपासून उजवीकडे सुमारें १३० अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेस, आणि क्षितिजापासून सुमारें ६० अंश उंच आहे. छत्री मात्र इतकी वर पाहत असल्यासारखी दिसत नाहीं, कारण ती एका मोठ्या थाळीचा बाजूचा तुकडा असते. म्हणून 'ही खालीं झुकली आहे' असें डोळ्यांनीं ठरवून ती उचलूं नये. साठ सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीची नजर अवघी तीन अंशांची. दीड अंश चुकला कीं सिग्नल निम्मा होतो. आणि दीड अंश म्हणजे छत्रीची कड पाऊण सेंटिमीटर सरकणें! माझ्या पान्यानें काय अनर्थ केला असेल तो यावरून ताडावा. छत्री फिरविणें खरोखरच प्राप्त झालें, तर प्रथम मूळ जागेची खूण खडूनें करून ठेवावी, एक मनुष्य पट्टीपुढें बसवावा, आणि नखभर हलवून क्षणभर थांबत जावें.

छत्रीपूर्वीं वायर पाहावी. आमच्या पाटण-महाबळेश्वरच्या पावसांत दहांपैकीं निम्मे दोष वायरीच्या जोडांत शिरलेल्या पाण्याचे, असा माझा अनुभव आहे. एलएनबीपाशीं वायरीला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी जोडांत न जातां झोळावरून ठिबकतें. जोड सोडण्यापूर्वीं बॉक्सचें बटण भिंतीवरून बंद करावें. कारण बॉक्स याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट दाब पुरवितो, आणि आंतली तांब्याची तार बाहेरील जाळीला टेकली तर बॉक्स बिघडूं शकतो.

आणि कांहीं वेळां उपाय एकच असतो: कांहीं न करणें. या लहरीची लांबी तीन सेंटिमीटरांहूनही कमी. म्हणून मुसळधार पावसाचे टपोरे थेंब तिला गिळतात. मागें मुंग्या येत, तशा आतां येत नाहींत. डिजिटल सिग्नलांत मूळ अक्षरांबरोबर चुका सुधारणारीं जादा अक्षरें पाठविलेलीं असतात. शुद्धलेखनांत थोड्या चुका असल्या तर मास्तर त्या सुधारून वाक्य लावतो. फार झाल्या तर वही बाजूस ठेवतो. बॉक्स तसेंच करतो. शेवटपर्यंत चित्र स्वच्छ, मग चौकोन, मग काळोख. पाऊस ओसरला कीं तें आपोआप परत येतें. तसेंच दरवर्षीं मार्चच्या मध्यास आणि ऑक्टोबरच्या आरंभीं कांहीं दिवस सकाळीं अकराच्या सुमारास सूर्य उपग्रहाच्या बरोबर पाठीशीं येतो आणि कांहीं मिनिटें चित्र बिघडतें. याचा एक उपयोगही आहे: त्या वेळीं छत्रीवर एखाद्या नारळाची किंवा आंब्याची सावली पडत असेल, तर तेंच झाड उपग्रहाच्या आड येत आहे असें खुशाल समजावें.

शेवटीं एक विनंती. अतिवृष्टींत टीव्ही गेला तर छपरावर चढूं नका. घरांत एक सेलवर चालणारा रेडिओ ठेवा. १२५१ किलोहर्ट्झची लहर सुमारें २४० मीटर लांब असते. पावसाच्या थेंबांची ती पर्वा करीत नाहीं. नवें आलें म्हणून जुनें मोडींत काढावयाचें नसतें, हें मला माझ्याच जुन्या बॉक्सनें शिकविलें. तो अजून आत्यांकडे चालू आहे. गेल्या एप्रिलांत त्यांचीं दोन चॅनेलें हललीं, तेव्हां त्यांनीं भिंतीपलीकडून मला हांक मारली, "मास्तर, पाना आणूं नका, चष्मा तेवढा घेऊन या!"